शाळा संपली, विद्यापीठ सुरू झालं: प्रथम वर्षाचे विद्यार्थी आणि पालक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमचं महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. दरवर्षी प्रथम वर्षाचे वर्ग भरले की मुलं आणि त्यांचे आईवडील तेच प्रश्न घेऊन येतात. कुणी स्टाफरूमच्या दारात उभं राहून विचारतं, कुणी मेसेज करतं, आणि बरेच जण विचारतच नाहीत. त्या न विचारणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. नियमांचे तपशील विद्यापीठागणिक थोडे बदलतात, तेव्हा आकडे आपल्या कॉलेजच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्या.

शाळा आणि विद्यापीठ यांत सगळ्यात मोठा फरक कोणता?

तुमचा हिशेब कोण ठेवतं, हा. अभ्यासाची काठिण्यपातळी त्यानंतर येते.

दहावीचं वर्ष आठवा. बोर्डाचा अर्ज शाळेनं भरला. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक होती तर वर्गशिक्षकांनी बोलावून दुरुस्त करून घेतली. हॉलतिकीट शाळेत हातात मिळालं. तीन दिवस गैरहजर राहिलात तर शेजारच्या मुलाबरोबर निरोप आला. शिष्यवृत्तीची कागदपत्रं बाईंनी मागून मागून गोळा केली.

आता यातलं प्रत्येक काम तुमचं आहे. परीक्षेचा अर्ज ऑनलाइन तुम्ही भरायचा, तोही दर सत्राला. मुदत गेली की विलंब शुल्क, आणखी गेली की ते वाढतं. पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, एकदा मिळाला की पदवीपर्यंत तोच तुमची ओळख. सूचना फलकावर किंवा वर्गाच्या ग्रुपवर येते आणि ती वाचली का, हे कुणी पाहत नाही. गेल्या अनेक वर्षांत मी पाहिलंय, हुशार मुलं मागे पडतात ती विषय अवघड गेला म्हणून कमी, आणि हा बदल कुणी आधी सांगितला नाही म्हणून जास्त. त्यात त्या मुलांचा दोष आहे असं मला वाटत नाही. दहा वर्षं ज्यांना स्वतःचा एकही अर्ज भरू दिला नाही, त्यांना एका जूनमध्ये सगळं यावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण अकरावी-बारावी कॉलेजातच केली की! मग नवीन काय?

इमारत कॉलेजची होती, पद्धत शाळेचीच होती. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालयात भरतात. गणवेश बहुतेक ठिकाणी जातो, पण पाठ्यपुस्तक ठरलेलं, बोर्ड तेच, आणि शेवटी एकच मोठी परीक्षा. शिवाय हल्ली पुष्कळ मुलं ती दोन वर्षं खासगी क्लासमध्येच काढतात आणि कनिष्ठ महाविद्यालयात फक्त प्रात्यक्षिकाला उगवतात. त्यामुळे ‘कॉलेजची सवय आहे’ असं म्हणणाऱ्यालाही पहिलं सत्र जड जातं.

विद्यापीठ म्हणजे नेमकं काय? मी तर आमच्या गावातल्या कॉलेजात जातो.

चांगला प्रश्न आहे आणि तो फार थोडे जण विचारतात. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीनं. त्या वेळी लंडन विद्यापीठाचा नमुना समोर होता: शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. पुणे विद्यापीठ 1949 चं. 2014 मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. म्हणून तुम्ही निफाडला शिका नाहीतर संगमनेरला, पदवी त्याच विद्यापीठाची.

याचा व्यवहारात उपयोग असा. हजेरी, ओळखपत्र, बोनाफाईड, अंतर्गत गुण ही कॉलेजची कामं. पीआरएन, पदवी प्रमाणपत्र, पुनर्मूल्यांकन ही विद्यापीठाची. कुठल्या खिडकीवर जायचं हे कळलं की निम्मे हेलपाटे वाचतात. स्वायत्त महाविद्यालयात मात्र परीक्षाही कॉलेजच घेतं.

तासाला बसलं नाही तरी चालतं, असं सीनिअर सांगतात. खरं आहे का?

नियमानं सत्र मंजूर व्हायला 75 टक्के उपस्थिती लागते. काही ठिकाणी तो काटेकोर पाळतात, काही ठिकाणी डिफॉल्टर यादी लागते आणि पालकांची सही आणली की सुटका होते. सीनिअर जे सांगतात ते या दुसऱ्या प्रकारावरून.

मी नियमापेक्षा दुसरं कारण सांगेन. शाळेत तास बुडला तर धडा पुस्तकात असतो. इथे एका विषयाला एकच एक पुस्तक नसतं. अभ्यासक्रमपत्रिकेत घटकांची नावं आणि खाली संदर्भग्रंथांची यादी, बस्स. त्यातलं काय महत्त्वाचं, कशाचा कशाशी संबंध आहे, ते वर्गातल्या बोलण्यातून उलगडतं. मित्राची वही झेरॉक्स करून ते मिळत नाही, कारण मित्रानं फक्त फळ्यावरचं उतरवलेलं असतं.

क्रेडिट, मेजर, मायनर हे सगळं काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे आलेली ही भाषा आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते 2024-25 पासून प्रथम वर्षाला लागू झालं, स्वायत्त महाविद्यालयांत त्याच्या आदल्या वर्षी.

एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तासांचं अध्यापन. प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, आणि त्याबरोबर भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे लहान लहान अभ्यासक्रम. मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या डिजिटल खात्यात जमा होतात. ते खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं आहे ना, हे आधी पाहा. अडचण बहुतेक वेळा तिथेच येते.

दहावीला 90 टक्के होते, आणि पहिल्या सत्रात जेमतेम पास झाले. माझं काय चुकलं?

हा प्रश्न विचारताना मुलींचे डोळे भरून येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दहावीत 100 पैकी 20 गुण अंतर्गत असतात आणि 80 ची लेखी. टक्केवारी काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरले जातात. प्रश्नांचे साचे ठरलेले, अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला की बरंचसं भागतं. ते गुण खोटे नाहीत, तुम्ही कष्ट केलेत. पण ते एका विशिष्ट कौशल्याचे गुण आहेत: जे दिलं ते नेमकं परत लिहिणं. इथे मागणी बदलते.

माझ्याच विषयातलं उदाहरण घ्या. शाळेच्या पद्धतीचा प्रश्न असतो, ‘रोजगार हमी योजनेची वैशिष्ट्ये लिहा.’ पाच मुद्दे, प्रत्येकाखाली दोन ओळी, मुद्द्यांना अधोरेखा, काम झालं. पदवीला प्रश्न येतो, ‘रोजगार हमी योजनेमुळे ग्रामीण भागातील स्थलांतर थांबले का? चर्चा करा.’ आणि वर्गातले बहुतेक जण उत्तरात तेच पाच मुद्दे लिहितात. अक्षर सुंदर, अधोरेखाही सरळ, आणि प्रश्नाला उत्तर मात्र नाही.

या प्रश्नाला काय हवं होतं? या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, 1972 च्या दुष्काळात झालेला योजनेचा विस्तार आणि पुढे 1977 चा कायदा, हा क्रम दोन-तीन वाक्यांत. मग मूळ मुद्दा: दुष्काळात गावाजवळ काम मिळालं तर माणूस गाव सोडत नाही, पण ऊसतोडीला बीडहून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं? मजुरीचा दर, ऊसतोडीत हाती पडणारी उचल (आगाऊ रक्कम), कामाचे दिवस यांची तुलना करा आणि शेवटी स्वतःचं मत कारणांसह मांडा. मत माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी गुण मिळतात. अट एकच, त्याला आधार हवा.

हे जमायला काय करावं? ग्रंथालयात जाऊन एका घटकावर दोन वेगळी पुस्तकं उघडा. अर्थशास्त्रवाल्यांनी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ जरूर पाहावी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास प्रसिद्ध करतं, मराठीतही असते आणि फुकट मिळते. तिच्यातले आपल्या जिल्ह्याचे दोन आकडे उत्तरात आले की तपासणारा थांबून वाचतो. मराठी विश्वकोशही आता ऑनलाइन आहे. आणि आठवड्यातून एक उत्तर लिहून आपल्या प्राध्यापकांना दाखवा. बहुतेक प्राध्यापकांना ते आवडतं. मला तरी फार आवडतं.

उत्तीर्ण होण्याची पातळीही बदलते: बोर्डाला 35 टक्के, इथे बहुतेक ठिकाणी 40, आणि तेही अंतर्गत आणि सत्रांत परीक्षेत वेगवेगळे. अंतर्गत चाचणी ‘नुसती असते’ म्हणून सोडणारे इथे अडकतात.

केटी लागली तर वर्ष गेलं का?

नाही. एटीकेटीचा अर्थच असा की राहिलेला विषय घेऊन पुढे जाता येतं. किती विषय किंवा क्रेडिट राहिली तर जाता येतं याची मर्यादा असते, आणि तृतीय वर्षाला जायच्या आधी प्रथम वर्ष पूर्ण मोकळं असावं अशी अट बऱ्याच ठिकाणी आहे. गुण अगदीच अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. या सगळ्याची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे रडून झालं की त्याच आठवड्यात कामाला लागा.

मी मराठी माध्यमातून आलो आहे. निभेल का?

निभेल. कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच विषयांची उत्तरं मराठीत लिहिता येतात. आपल्या अभ्यासक्रमाला ती सोय आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. विज्ञान आणि अभियांत्रिकीत इंग्रजीला पर्याय जवळजवळ नाही. सेमी इंग्लिशमधून आलेल्यांना संज्ञा ओळखीच्या असतात, इतरांना पहिले काही महिने दुहेरी कष्ट पडतात. प्रत्येक घटकातल्या वीसेक संज्ञा वहीच्या मागच्या पानावर मराठी अर्थासह लिहायच्या, ही जुनी युक्ती अजूनही सगळ्यात चांगली चालते. संकल्पना मराठीत समजून घ्यायला अजिबात लाजू नका. ज्याला मराठीत नीट समजलं, त्याला ते इंग्रजीत लिहिता येतं. उलट सहसा होत नाही.

बोलीचंही तसंच. पुण्यात आलेली खानदेशातली, वऱ्हाडातली, कोकणातली मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, कारण कुणीतरी एकदा हसलेलं असतं. मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते की प्रश्न अहिराणीत विचारा, मालवणीत विचारा, उत्तर समजेल अशा भाषेत मिळेल. हसणाऱ्याला मी थांबवते. प्रत्येक शिक्षकानं थांबवावं.

प्राध्यापकांशी कसं बोलायचं? शाळेत बाई जवळच्या होत्या, इथे कुणी नावानं ओळखत नाही.

शाळेत एक शिक्षक चाळीस-पन्नास मुलांना वर्षभर रोज भेटतात. इथे माझ्यासमोर एका वर्गात शंभराच्या वर चेहरे असतात आणि तेही आठवड्यातून तीन-चार तास. ओळख आपोआप होत नाही, ती तुम्ही करून घ्यायची असते. तास संपल्यावर पुढे या, नाव, गाव सांगा आणि एक नेमका प्रश्न विचारा. ‘मॅडम, काहीच कळलं नाही’ यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. ‘मॅडम, मागणीचा नियम कळला, पण गिफेन वस्तूंना तो का लागू होत नाही?’ असं विचारलंत की पुढची दहा मिनिटं तुमची. पायाबिया पडायची गरज नाही. मेसेज करायचा तर पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक लिहा.

बहुतेक महाविद्यालयांत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक नेमलेला असतो. आपला कोण, हे शोधून काढा. पुढे बोनाफाईडपासून शिफारसपत्रापर्यंत तोच माणूस उपयोगी पडतो.

खर्च परवडत नाही. शिष्यवृत्ती कशी मिळते?

सरकारी योजनांचे बहुतेक अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागास वर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. हे कित्येक घरांत अजून पोचलेलं नाही, आणि मुलीला ‘साधं बीए कर’ सांगून विषय मिटवला जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

कागदपत्रं: तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गरजेप्रमाणे नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर रक्कमही येत नाही. अर्ज ऑनलाइन पाठवला की काम संपत नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला पोचतो, तिथून पुढे जावा लागतो. कार्यालयात जाऊन ‘माझा अर्ज पुढे पाठवला का?’ असं विचारा, आणि दरवर्षी नूतनीकरण करा. दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण राहून गेलेली मुलं मी दरवर्षी पाहते.

एसटीचंही एक लक्षात ठेवा. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत असतो, पुढे विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्यात भाड्याचा साधारण एक तृतीयांश भाग भरायचा असतो. बोनाफाईड घेऊन आगारात जा.

काम करत शिकता येतं का?

येतं, आणि महाराष्ट्रात त्याला मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तिचं तत्त्वच होतं. आजही अनेक महाविद्यालयांत याच नावाची योजना आहे. ग्रंथालय, कार्यालय, बाग यांत ठरलेले तास काम आणि त्याचं मानधन. त्यातून खानावळीचा निदान काही भाग निघतो. पूर्णवेळ नोकरीच करावी लागत असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, 1989 चं. तिथली पदवी कमी दर्जाची समजू नका.

खोली, मेस, वसतिगृह?

समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचे अर्ज आधी भरा, खासगी नंतर शोधा. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं भरून, राहायचं ठरलं तर अनामत रकमेची पावती घ्या आणि मेसचे पैसे महिन्याचेच भरा, सहा महिन्यांचे नको.

आम्ही पालक आहोत. शाळेत पालकसभा असायची, इथे कुणी काही कळवतच नाही.

तुमचं मूल आता अठरा वर्षांचं, कायद्यानं सज्ञान आहे, आणि कॉलेज थेट त्याच्याशीच बोलतं. याचा अर्थ तुम्ही बाजूला झालात असा नाही. पण ‘किती टक्के पडले?’ हा एकच प्रश्न विचारू नका. कुठला विषय आवडतोय, कोण शिकवतं, परीक्षेचा अर्ज भरला का, असं विचारा. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्या आईवडिलांना वाटतं की आपल्याला यातलं काय कळणार. विचारायला कळावंच लागतं असं नाही. कॉलेजात आलात तर आम्ही बसवून बोलतो, शेतातून थेट आलात तरी.

रॅगिंग झालं तर?

सहन करू नका. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मोफत हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास चालू असते.

एकटं वाटतं. शाळेतले मित्र सुटले, नवे होत नाहीत.

शाळेतली मैत्री एका बाकावर, एका गल्लीत, दहा वर्षांत झालेली असते. इथे दर तासाला वर्ग बदलतो, विषय बदलले की सोबतचे चेहरेही बदलतात. पहिल्या सहामाहीत मित्र न होणं अगदी सर्रास आहे, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. बरोबर काम केल्यानं मैत्री लवकर होते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर घ्या. गावात बंधारा घालताना, रात्री भाकऱ्या थापताना जी ओळख होते ती वर्षभराच्या तासांत होत नाही. पुण्यातल्या मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी तसंच काम करतात, मग तुम्ही नट असा नाहीतर नेपथ्य उचलणारे. हा वेळ वाया जात नाही. आता यातल्या काही उपक्रमांना क्रेडिटही आहे.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणंच नकोसं वाटतं असं होत असेल तर 14416 वर फोन करा. ती टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि एखाद्या शिक्षकाला सांगा. कोणत्याही वेळी सांगा.

पदवी नावाला घेऊन एमपीएससीची तयारी करावी का?

अभ्यासिकेत बसायला माझा विरोध नाही. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे वर रोजगार हमीच्या प्रश्नात सांगितलं तसलंच लेखन तिथे लागतं. ते शिकण्याची जागा तुमचा पदवीचा वर्ग आहे. वर्ग सोडून त्याच गोष्टीचा क्लास पैसे भरून लावणं मला पटत नाही.

एक वर्ष झाल्यावर वाटलं की विषय चुकला, तर?

शाळेत हा प्रश्नच नव्हता, सगळ्यांना सगळे विषय होते. इथे पडू शकतो आणि त्याला मार्ग आहेत. मेजर-मायनर बदलण्याची सोय ठरावीक टप्प्यावर असते. ती प्रथम वर्षाच्या अखेरीस कार्यालयात विचारा. पहिल्या वर्षानंतर थांबायचंच झालं तर ठरलेली क्रेडिट आणि एक जादा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. मात्र निर्णयाआधी एक करा: ज्या विषयाकडे जायचं वाटतंय, त्याच्या वर्गात शिक्षकांची परवानगी घेऊन आठवडाभर मागच्या बाकावर बसा. आमच्याकडे वाणिज्यातून अर्थशास्त्राकडे आलेल्या मुली आहेत, आणि आठवडाभर बसून आपला मूळ विषयच बरा म्हणून परत गेलेल्याही. दोघींचंही बरोबर होतं.